नळ आणि नगेट्स

आमच्या गावात दुःख वाटून घ्यायला माणसांची टंचाई नाही. बोंडअळी येवो, बैल दगावो, सोयरीक मोडो, दहा मिनिटांत ओटा भरतो. सुखाचं तसं नाही. आणि ते सुख अमेरिकेतल्या बास्केटबॉलचं असेल तर विचारूच नका. २०२२-२३ च्या हंगामात डेन्व्हर नगेट्स ही टीम एनबीएचं, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं, आपलं पहिलंवहिलं विजेतेपद जिंकायला निघाली होती आणि ते सांगायला मला अख्ख्या दारव्हा तालुक्यात माणूस सापडेना.

मी शाळेत खेळाचा मास्तर. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बी.पी.एड. केलं, तिथे या खेळाचं खूळ डोक्यात शिरलं ते उतरलंच नाही. शाळेच्या मैदानात बास्केटबॉलचा एक खांब आहे. एकच. दुसऱ्या टोकाचा मंजूर झालाय, असं मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकतो. आहे त्या रिंगला जाळी नाही, फळीवर ‘स्वच्छ गाव, सुंदर गाव’ लिहिलंय, आणि खालचा सिमेंटचा कोबा गावात सगळ्यात सपाट असल्यामुळे उन्हाळ्यात तिथे सरगुंडे, कुरडया आणि मूगवड्या वाळत असतात. फ्री थ्रोच्या रेषेवर कोणाचं तरी जुनं लुगडं अंथरलेलं, चार कोपऱ्यांवर चार दगड, आणि राखणीला काठी घेऊन एक म्हातारी. मे महिन्यात तिथे चेंडू आपटावा आणि धडधाकट घरी यावं असा गडी अजून जन्मायचाय.

पुण्याचा भाचा म्हणायचा, “मामा, धरायचीच तर लेकर्स धरा ना, सतरा वेळा जिंकलेली टीम आहे.” पण जिंकणाऱ्याच्या मागे जायला काय लागतं? डेन्व्हर १९७६ साली एनबीएत आलं, तेव्हापासून २०२२ पर्यंत सेहेचाळीस हंगाम खेळलं आणि त्यात विजेतेपद शून्य. आणि त्या टीमचा मुख्य गडी निकोला योकिच. सर्बियातल्या सोंबोर नावाच्या गावचा, उंची सहा फूट अकरा इंच, लहानपणी दिवसाला तीन लिटर कोला पिणारा. उडी म्हणाल तर बेताची. धावताना बघितला तर पंगतीत भात वाढायला निघालेला लग्नघरचा काका वाटतो. २०१४ साली एनबीएच्या टीमांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा हा एक्केचाळिसावा, आणि त्याचं नाव आलं तेव्हा टीव्हीवर खाण्याच्या पदार्थाची जाहिरात चालू होती. नाव खालच्या पट्टीत सरकून गेलं. स्वतः तो घरी झोपलेला. पुढे हाच माणूस २०२१ आणि २०२२ असा लागोपाठ दोनदा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू झाला. बिनउडीच्या पोरांना वर्षानुवर्षं ‘उडी मारा रे’ म्हणणाऱ्या मास्तराचा अशा माणसावर जीव जडणारच.

हिवाळा तसा बरा गेला. डेन्व्हरची घरची मॅच तिथे संध्याकाळी सातला सुरू व्हायची, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात. शाळा साडेदहाची. घोंगडी, चहा आणि मोबाइल. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून एक मैल, म्हणजे ५२८० फूट उंचावर. (आपलं चिखलदरा, जिथे गेल्यावर आपण ‘काय हवा आहे’ म्हणतो, ते जेमतेम दोन तृतीयांश भरेल.) पाहुण्या टीमांना तिथे धाप लागते. घरच्या एक्केचाळीसपैकी चौतीस मॅच डेन्व्हरने जिंकल्या, एकूण ब्याऐंशीपैकी त्रेपन्न, आणि पश्चिम विभागात पहिला नंबर. आदल्या साली गुडघ्याच्या दुखापतीने अख्खा हंगाम घरी बसलेला जमाल मरे परत पळायला लागला होता. सगळं जुळून येत होतं.

मग उन्हाळा आला आणि नळाची आणि एनबीएची वेळ एक झाली.

उन्हाळ्यात आमच्याकडे नळ रोज येत नाही. येतो त्या दिवशी सकाळी सहा ते नऊच्या मधे केव्हाही. बाद फेरीच्या मोठ्या मॅच अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री साडेआठला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे ठोक सहाला. वर आमच्या घरात मोबाइलला रेंज फक्त स्लॅबवर, तीही सिमेंटच्या टाकीच्या ईशान्य कोपऱ्यात, मोबाइल कडुनिंबाच्या बेचक्यात अडकवला तर. म्हणजे मी वर, नळ खाली.

त्यातली खरी गोम लाइनची, म्हणजे विजेची. लाइन असली की गल्लीतल्या प्रत्येक घरात टिल्लू पंप सुरू होतो आणि आमचं घर गल्लीच्या शेवटाला असल्यामुळे आमच्या वाट्याला नळातून नुसता फुस्स आवाज येतो. लाइन गेली की सगळे टिल्लू मुके होतात आणि पाणी आपल्या मर्जीने वाहत शेवटपर्यंत पोचतं. त्यामुळे नळाच्या दिवशी आमची बायको देवापुढे दिवा लावून लाइन जाऊ दे म्हणायची. पण लाइन गेली की थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो, म्हणून मी वर उभा राहून लाइन राहू दे म्हणायचो. एकाच घरातून एकाच देवाकडे दोन अर्ज. तिचे जास्त मंजूर व्हायचे, कारण दिवा तिचा होता.

“अहो, उतरता का खाली?”

“शेवटचे दोन मिनिटं राहिले.”

“अर्ध्या तासापासून दोनच राह्यले तुमचे!”

आता बास्केटबॉलची शेवटची दोन मिनिटं टाइमआउट धरून पंधरा मिनिटं चालतात, हे कोणत्या बायकोला पटवून देता येईल?

लाइन, रेंज, नळ हे सगळं मी सोसलं असतं. भांडायला माणूस नाही, हे मात्र सोसवेना. क्रिकेटचं बघा. पानठेल्यावर गेलं, खर्रा घोटेपर्यंत उभं राहिलं, की धोनीवर वाद घालायला सहा जण तयार. त्यातले दोन तर मुद्दाम उलटी बाजू घेतात, म्हणजे आपल्या बाजूला चव येते. माझ्यासमोर लेकर्सचा एक तरी माणूस हवा होता. मे महिन्यात आम्ही त्यांना, लेब्रॉन जेम्सला, चार-शून्य असं धुतलं. शेवटच्या मॅचला त्याने चाळीस पॉइंट केले तरी दोन पॉइंटांनी आम्हीच. असा दिवस आयुष्यात एकदा येतो. मी ठेल्यावर जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “लेकर्सला झोपवलं!” ठेलेवाल्याने सुपारीतून मान वर केली, “दवाखान्यात नेलं काय मंग?”

एकदा माझ्या खांद्यावरून दोघं मॅच बघायला वाकले. पाच मिनिटं गुपचूप बघितलं. मग एकाने विचारलं, “सर, यातली आपली कोनती?”

मी बोट दाखवलं. त्याने नीट बघितलं. “यात तं एकबी आपला नाई.”

त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या भक्तीला खिंडार पडलं असतं. पण आबाजी होते.

आबाजी म्हणजे आमच्या गल्लीतले पटाचे माणूस. तरुणपणी तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी पळवलेली. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या तेव्हापासून म्हातारा गोठ्यासमोर खाट टाकून सरकारला शिव्या देत बसलेला. मधल्या काळात कायदा बदलला, तात्पुरती परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायदा कायम ठेवला. त्या दिवशी आबाजींनी गल्लीला पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकर्सविरुद्धची दुसरी मॅच, मरेने एकट्याने शेवटच्या क्वार्टरमध्ये तेवीस पॉइंट ठोकले. मी स्लॅबवर नाचताना बघून आबाजींना वाटलं, हाही पटाचाच आनंद. वर चढून आले.

“मास्तर, तूबी पटवाला हाय हे मले मालूमच नव्हतं.”

आता या माणसाला काय दाखवावं? मी योकिचचा फोटो काढला. उन्हाळ्यात तो सोंबोरला जातो, तिथे त्याचे शर्यतीचे घोडे आहेत, आणि ती शर्यत घोड्यावर बसून नाही, घोड्यामागे दोन चाकांची हलकी गाडी जोडून. फोटोत योकिच त्या इवल्याशा गाडीवर पाय फाकवून, हातात लगाम धरून बसलेला. आबाजींनी मोबाइल हातात घेतला, चश्मा कपाळावर सारला, फोटो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. मग अंगठ्याने उगाच गाडीच्या चाकावर टिचकी मारली.

“धुरकरी भारी हाय,” ते म्हणाले. “पन गाडीच्या मानानं अंगानं जड. घोड्याले त्रास होते. कोन होय हा?”

“योकिच. हा बास्केटबॉल खेळतो.”

“काहून? घोडे असून?”

याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं आणि योकिचपाशी तरी असेल की नाही कोण जाणे. त्याच्या मुलाखती ऐका, बास्केटबॉल ही त्याला नोकरी वाटते. पण त्या दिवसापासून आबाजींना डेन्व्हर आपलं झालं. खेळाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. रोज विचारायचे, “घोडेवाला जिकला काय?” अंतिम फेरीच्या तिसऱ्या मॅचला योकिचने बत्तीस पॉइंट, एकवीस रिबाउंड (हुकलेले चेंडू पकडणं), दहा असिस्ट (दुसऱ्याला पॉइंट मिळवून देणारे पास) केले. फायनलच्या इतिहासात असं कोणीच केलं नव्हतं. मरेनेही त्याच मॅचला चौतीस पॉइंटांसह ट्रिपल-डबल केलं, म्हणजे तिन्ही आकडे दोन अंकी. मी तावातावाने सगळं सांगितलं. आबाजी म्हणाले, “म्हंजे जोडी जुळली.” आकडे पाठ करून मी जे सांगू शकलो नसतो ते म्हाताऱ्याने खाटेवर पडल्या पडल्या सांगितलं.

जून लागला. मृग कोरडा जात होता, मान्सून कुठे अडकलाय याच्या बातम्या, आणि ११ जूनला लंडनच्या ओव्हलवर भारत ऑस्ट्रेलियाकडून कसोटी विश्वविजेतेपदाची मॅच २०९ रननी हरला. गावावर सुतक. १२ तारखेला ठेल्यावर मी उद्याच्या विचाराने गालात हसलो तर एकजण भडकला, “इंडिया हारली अन तुमाले हासू येऊन राह्यलं, सर?”

१३ जून, मंगळवार. अंतिम मालिका डेन्व्हरकडे तीन-एक, आणखी एक जिंकली की विजेतेपद, समोर मायामी हीट. आणि आमच्या लोकांना ऐनवेळी काय झालं कोणास ठाऊक, लांबून एकही चेंडू पडेना. अठ्ठावीस प्रयत्नांत पाच! फ्री थ्रो तेवीसपैकी तेरा, एवढे तर आमच्या शाळेची पोरं कुरडया चुकवून टाकतात. साडेआठ वाजत आलेले, स्लॅब तापलेला, मोबाइल तापलेला. मायामीच्या जिमी बटलरने एकट्याने सामना ओढत आणला आणि दोन मिनिटं उरली असताना ८९-८८ अशी मायामीची आघाडी.

“अहो, नळ आला!”

गल्लीतले सगळे टिल्लू एकदम सुरू झाले. एवढा भार डीपीला झेपला नाही, फ्यूज उडाला, लाइन गेली. खाली बायकोचा आनंदाचा चीत्कार, वर माझ्या मोबाइलमध्ये डेन्व्हरचा ब्रूस ब्राउन रिंगखाली हवेत लटकलेला. हात वर, चेंडू बोटांवर, आणि मधोमध ते गोल गोल फिरणारं चक्र.

“ड्रम लावा ना आधी!”

उतरलो. पाइप ड्रममध्ये सोडला, गुंड भरायला घेतला. खिशात मोबाइल वाजला. भाच्याचा मेसेज कसाबसा आत शिरला होता: “मामा!!!!!!”

आता याला काय समजावं? जिंकल्याचं की हरल्याचं? नुसती उद्गारचिन्हं. एवढं शिकलेलं पोरगं, कर्ता नाही, क्रियापद नाही. मी गुंड हातात धरून उभा, पाणी भरून पायांवर वाहायला लागलं, बायको काहीतरी म्हणतेय, आणि मग दुसरा मेसेज: “ब्राउनने रिबाउंड घेऊन टाकला! ९०-८९!” त्यामागोमाग अडकलेले सगळे मेसेज एकत्र आले. आमच्या कॉल्डवेल-पोपने बटलरचा पास चोरला. ९२-८९. बटलरचा चुकला. ९४-८९. संपलं.

मी पाइप उचलून आभाळात फवारा मारला. समोरच्या काकू फाटकातून म्हणाल्या, “काय झालं बाप्पा? बदली रद्द झाली काय?” बायकोने पाइप हिसकून परत ड्रममध्ये घातला. पाण्याच्या दिवशी असा फवारा म्हणजे आमच्याकडे गुन्हा.

आबाजी काठी टेकत आले. सांगितलं, जिंकला घोडेवाला. मुलाखतीत काय म्हणाला तेही भाच्याने पाठवलं होतं, तेही सांगितलं. तो म्हणाला, काम झालं, आता आपण घरी जाऊ शकतो. मग त्याला कळलं की विजयाची मिरवणूक गुरुवारी आहे, तर चेहरा पडला त्याचा. म्हणे, नाही हो, मला घरी जायचंय.

“मंग? बरोबर हाय त्याचं,” आबाजी म्हणाले. “घोडे बांधून ठिवले असन घरी. मिरवनुकीत काय ठिवलं हाय?”

“सत्तेचाळीस वर्षांनी जिंकले आबाजी!”

“हाव ना. जिकले. काम झालं.” त्यांनी काठीने आमच्या ड्रमवर ठोकलं. पाणी काठावरून सांडत होतं. “तुह्यंबी झालं. आता थो पाइप इकडं दे, लाइन येवाच्या आंधी माह्या टाक्यात लावू दे.”