शाळा अडवाल, पण मग त्या प्लॉटवर काय उभं राहील?

पंधरा दिवस झाले तो मेसेज फिरून राहिलाय. "जागे व्हा कॉलनीवासीयांनो", सहा हात जोडलेले, आणि खाली यादी की मागच्या प्लॉटवर शाळा झाली तर आपलं ग्राउंड जाईल, ट्रॅफिक वाढेल, दिवसभर गोंगाट, पाणी पुरणार नाही, घरांचे भाव पडतील, "कुठली कुठली" पोरं येतील, म्हणून विरोधाच्या अर्जावर सह्या करा. मला तो चार ग्रुपवर आला, एकदा तर भुसावळहून सासुरवाडीच्या ग्रुपवरून, आता त्यांचा काय संबंध भो! मी जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला राहतो, तो प्लॉट माझ्या गच्चीतून दिसतो, तर म्हटलं आपण उत्तर देऊनच टाकू.

आधी ग्राउंडचं, कारण खरी गंमत तिथेच आहे. मेसेजमध्ये लिहिलंय "ही जागा गार्डनसाठी राखीव आहे". कोणी बघितलं? मी महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन डीपीचा, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याचा, नकाशा बघून आलो, अर्धा दिवस गेला, साहेब जेवायला गेलेले ते चार वाजता उगवले, पण नकाशा दाखवला. त्यावर सरळ लिहिलंय, प्राथमिक शाळा व क्रीडांगण. गार्डनचा ग पण नाही. आणि मोकळी जागा म्हणजे तरी काय हो? वेड्या बाभळी, कोणाच्या तरी जुन्या बाथरूमच्या फरश्या, आणि हिवाळ्यात आमच्या भरीत पार्ट्या, पऱ्हाटीच्या काड्या पेटवून वांगी भाजायची, राख तिथेच सोडून यायचं. मीही त्यात असतो, नाही म्हणत नाही, पण त्याला ग्राउंड म्हणू नका.

आता मेसेजमध्ये नाही ते सांगतो. आपल्याला वाटतं शाळा अडवली की जागा अशीच मोकळी राहील. नाही राहत. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राचा नगररचना कायदा आहे १९६६ चा, त्याचं कलम १२७ बघा. डीपी लागू झाल्यापासून १० वर्षांत आरक्षणाची जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षणच उडतं, जागा मालकाची मोकळी, मग शेजारच्या प्लॉटवर जे बांधता येतं ते तिथे पण बांधता येतं. म्हणजे शाळेऐवजी काय येईल तर फ्लॅट, खाली दुकानं. आज मालक एका संस्थेला घेऊन शाळाच बांधायला तयार आहे, तिथे अर्धं मैदान तरी राहतंय. उद्या ते पण नाही.

याच्यावरूनच पाण्याचं बघा. वाघूर धरण भरलेलं असलं तरी आपल्या नळाला रोज पाणी येत नाही, टाक्या भरून ठेवाव्या लागतात, ही चिंता खोटी नाही. पण हिशोब तर करा. बांधकामाच्या मानकात दिवसाच्या शाळेला माणशी रोज ४५ लिटर धरतात आणि घराला १३५. ५०० पोरांची शाळा म्हणजे साडेबावीस हजार लिटर, तेही सुट्टीत नाही. तिथे ६० फ्लॅट झाले आणि घरटी पाच माणसं धरली तर चाळीस हजाराच्या वर, बाराही महिने. कोण जास्त ओढेल?

गोंगाट! हा मुद्दा लिहिणाऱ्याने मे महिन्यात आपल्याच गल्लीतली हळद ऐकली नाही वाटतं, डीजेने माझ्या खिडकीची काच हलत होती. उलट शाळेच्या आजूबाजूला १०० मीटर शांतता क्षेत्र होऊ शकतं, फक्त ते आपोआप होत नाही, सरकारकडून जाहीर करून घ्यावं लागतं, तेव्हा मागणी त्याची करा. आणि शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू-सिगारेट विकायला कायद्यानेच बंदी आहे, कोपऱ्यावरच्या टपरीसाठी आपण दोनदा तक्रार केली होती ना?

घरांच्या भावाचं तर सोडाच, ब्रोकरच "शाळा दोन मिनिटांवर" असा बोर्ड लावून प्लॉट विकतात.

"कुठली कुठली पोरं" वाचून मात्र डोकं गरम झालं. आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यामध्ये खाजगी शाळेत पहिल्या वर्गाला २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरच्या पोरांना द्याव्या लागतात. २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून यातून बऱ्याच शाळांना सूट दिली होती, तो बदल हायकोर्टाने त्याच जुलैमध्ये रद्द केला. तर हे होणारच, आणि व्हायलाच पाहिजे. आपल्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या हातचा चहा चालतो, त्यांचा नातू आपल्या नातवाच्या बाकावर चालत नाही? हे ज्याने लिहिलं त्याने खाली नाव टाकायला पाहिजे होतं.

राहिलं ट्रॅफिक. इथे मी मेसेजवाल्यांसोबत आहे, अर्धा. प्रस्तावात गेट आपल्या ९ मीटरच्या गल्लीत दाखवलंय, तिथे दोन चारचाक्या समोरासमोर आल्या की एकाला रिव्हर्स घ्यावा लागतो, मग सकाळी सातला व्हॅन, रिक्षा, पालकांच्या गाड्या, विचारूच नका. पण पोरं आज काय करतात ते पण बघा. माझी पुतणी हायवेच्या पलीकडच्या शाळेत जाते. एका रिक्षात दहा पोरं, दप्तरं बाहेर लटकलेली, आणि त्या हायवेवर ट्रेलरच्या मधून क्रॉसिंग, समांतर रस्त्यांची मागणी आपण किती वर्षं करून राहिलो ते सगळ्यांना माहितीये. एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटते तेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो, ती घरी येते तर तोंड लालबुंद, बाटलीतलं पाणी चहासारखं, पहिले दहा मिनिटं फरशीवर नुसती आडवी. तिला मागच्या प्लॉटवर पायी जाता आलं असतं.

म्हणून भांडायचं असेल तर गेटसाठी भांडू. मी अर्ज लिहिलाय: गेट मागच्या १८ मीटरच्या डीपी रोडवर काढा, व्हॅन आणि रिक्षा कंपाउंडच्या आत थांबवा, शाळेची परिवहन समिती होईल तिच्यात कॉलनीचे दोन पालक घ्या, संध्याकाळी मैदान आपल्या पोरांना उघडं ठेवा. हे सगळं बांधकाम परवानगीच्या आधी लेखी घ्यायचं, नंतर कोणी विचारत नाही.

आमच्या समोरचे नाना अर्ज वाचून म्हणे, "शाया व्हई ऱ्हायनी ते व्हऊ द्या ना, तुमनं काय जास?" मी म्हटलं नाना, विरोधाच्या अर्जावर तुमची सही तिसऱ्या नंबरला आहे. ते म्हणे, तो सह्या घेणारा पोरगा दारात उभा होता, जेवण थंड होत होतं. आता त्यांनी माझ्या अर्जावर पण केलीये. अर्ज चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवलाय, रविवारपर्यंत आहे.