आज्जीचं गोंदण आणि भाच्याचा दंड

माझ्या बहिणीचा मुलगा गेल्या आठवड्यात सैन्यभरतीहून परत आला. जेवला नाही, कुणाशी बोलला नाही, गोठ्याच्या पायरीवर जाऊन बसला. रात्री बहिणीचा फोन आला तेव्हा कळलं. लेखी परीक्षा पास, 1600 मीटर पास, बीम पास. तपासणीला शर्ट काढायला लावला आणि उजव्या दंडावरचा टॅटू बघून रांगेतून बाजूला काढलं.

टॅटू कसला, तर महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा. ज्या मराठा लाईट इन्फंट्रीत जायचं म्हणून हा पोरगा दोन वर्षं पहाटे चारला उठून पळत होता, तिची युद्धघोषणाच ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ अशी आहे. त्याच राजाची मुद्रा अंगावर घेऊन गेला आणि जागा चुकली म्हणून माघारी आला.

भरतीचा नियम जाहिरातीत छापलेला असतो. कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या अंगाला, आणि तळहाताच्या पाठीवर टॅटू चालतो. बाकी अंगावर कुठंही कायमचा टॅटू असेल तर पुढं जाता येत नाही. आदिवासी समाजातल्या मुलांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. म्हणजे हीच मुद्रा वीतभर खाली, आतल्या बाजूला असती तर पोरगा आज पुढच्या रांगेत असता.

दुसऱ्या दिवशी मी खानापूरला त्याच्याकडे गेले. म्हटलं, “अरे, घरात एकदा विचारायचं तरी.” तो खाली मान घालून म्हणाला, “विचारलो असतो मावशी, खरं बाबा काढूच दिले नसते की. त्यांना दिसू नये म्हणून वर काढून घेतलो. अर्ध्या बाहीत झाकतंय.”

हे ऐकल्यापासून मला चैन नाही. बापाच्या नजरेतून वाचवण्यासाठी त्याने नेमकी तीच जागा निवडली, जी सैन्याला चालत नाही.

माझी आज्जी नंदगडची. तिच्या कपाळावर चंद्रकोर, हनुवटीवर एक ठिपका आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूला तुळशीवृंदावन होतं. शेजारी आजोबांचं नाव. त्या काळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की ती पदर सावरून हात पुढे करायची, वाच म्हणायची. तुळस तिच्या हातावर आली तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. गोंदणारीण गल्लीत आली होती. कट्ट्यावर बसवून, दोन-तीन सुया एकत्र बांधून, काजळी भरून गोंदलं. आईने हात धरला होता, आत्याने डोळे झाकले होते, शेजारच्या बायका गाणं म्हणत होत्या. वरून हळद लावली. आज्जी सांगायची, “दुखूलालं तर रडायचं न्हाई म्हणून तोंडात गुळाचा खडा दिलेल्या.” मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, ही तिची पक्की समजूत होती. ती गेली तेव्हा बांगड्या उतरवताना ती तुळस मी शेवटची पाहिली. रंग हिरवट पडला होता आणि ठिपके एकमेकांत मिसळले होते.

एक गोष्ट मला आज कबूल करायची आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनाला आज्जी येणार म्हटल्यावर मी तिला लांब बाह्यांचा पोलका घालायला लावला होता. मैत्रिणी ‘हच्चे’वाली (कन्नडमध्ये गोंदणाला हच्चे म्हणतात) म्हणून हसतील, ही भीती. गोंदण म्हणजे अडाणी, खेडवळ, हे आम्हाला कुणी शिकवलं कुणास ठाऊक, पण आम्ही ते मनापासून शिकलो. माझ्या आईच्या पिढीने आपल्या पोरींना गोंदून घेतलं नाही आणि गोंदणाऱ्या बायकांचा धंदा बसला. आता तीच कला दुकानात काचेमागे, एसीत आली की आपण वाहवा करतो. त्या बायकांना ही वाहवा कधीच मिळाली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बेळगावात आज टॅटूची दुकानं शोधावी लागत नाहीत. एकाच खुर्चीत सकाळी राजमुद्रा काढली जाते आणि दुपारी कन्नड वीर संगोळ्ळी रायण्णा. आईचं नाव कुणी मराठीत घालतं, कुणी कन्नडमध्ये. मला हे चांगलं वाटतं. पण आपली मान्यता अजून अर्धवट आहे. क्रिकेटपटूच्या हातावर टॅटू असला की कौतुक, आणि घरच्या मुलीच्या मनगटावर दिसला की स्थळ बघायला आलेली माणसं आधी तिथंच बघतात. मग पोरं लपवून काढतात. आणि लपवून काढायचं म्हटलं की स्वस्तातलं, घाईतलं, मित्राच्या ओळखीचं दुकान. जत्रेत बॅटरीच्या मशीनवर एकच सुई दहा जणांच्या हातावर फिरताना मी स्वतः पाहिली आहे. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर सात दिवस जिवंत राहतो. कावीळ क आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच. 2025 साली आपल्याच कर्नाटक राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की शाईच्या नमुन्यांत आर्सेनिक, क्रोमियम यांसह 22 धातू सापडले. टॅटू काढल्यावर 12 महिने रक्तदान करता येत नाही, हेही पोरांना माहीत नसतं.

भाच्याला त्या दुकानात कुणी विचारलं नाही, “बाळ, भरतीला जाणार आहेस का?” कॅम्पातून रोज जवानांच्या तुकड्या पळताना दिसतात अशा या गावात, अठरा वर्षांचा सडसडीत पोरगा राजमुद्रा काढायला येतो, तर हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा. मी दुकानदारांना विनंती करते, हा एक प्रश्न विचारा. आणि आईबापांना हात जोडून सांगते, “आमच्या घरात असली थेरं चालणार नाहीत” हे वाक्य तोंडातून काढू नका. ते वाक्य ऐकल्यावर पोरगं टॅटू काढायचं थांबत नाही, तुम्हाला सांगायचं थांबतं.

काल माझी मुलगी, वय 20, म्हणाली, “आई, मला पणजीची तुळस हातावर हवी आहे.” मी हो म्हटलं. पुढच्या रविवारी दोघी मिळून जाणार आहोत. सुईचं पाकीट आमच्यासमोर फोडायचं, शाई नव्या टोपणात ओतायची, हे आधीच ठरवलंय. रात्री वहीत पेनाने ती तुळस काढून बघितली. वृंदावनाच्या पायऱ्या आठवल्या, वरची पानं आठवली. खाली ठिपके तीन होते की पाच, ते काही केल्या आठवेना. शेवटी धाकट्या मावशीला फोन लावला. ती पलीकडे बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “पाच होते बघ. मधला थोडा मोठा.”