चिवडा नाही

चूक माझीच. अमेरिकेतल्या मिनेसोटात नवीन आलो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, तुम्ही कुठले, तर मी छाती फुगवून सांगितलं, आम्ही कोकणातले, मासे म्हणजे आमच्या रक्तातच. आता गाव वेंगुर्ला हे खरं, पण वाढलो डोंबिवलीत, आणि मासा पकडायचा माझा एकूण अनुभव म्हणजे मार्केटमध्ये मावशींसमोर उभं राहून कल्ला उचलायचा, लाल आहे का बघायचं आणि "मावशी, काय हे, मागच्या वेळी एवढ्यात सहा दिले होते" म्हणायचं. पण हे म्हातारे (घरात आम्ही त्यांना तात्या म्हणतो, त्यांना माहीत नाही) लक्षात ठेवून बसले, आणि जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी दोन वाजता दारात हजर. चला, क्रॉपी मारायला.

क्रॉपी म्हणजे इथल्या तळ्यातला एक चपटा, चंदेरी, काळ्या ठिपक्यांचा मासा. स्पेलिंग बघून मी पहिल्यांदा क्रॅपी म्हणालो तर तात्या असे बघायला लागले जसं मी त्यांच्या घराण्याबद्दल काहीतरी बोललोय. खाली लुईझियानात याला साकाले म्हणतात, म्हणजे शब्दशः दुधाची पिशवी, ते त्यातल्या त्यात डोंबिवलीच्या माणसाला जवळचं.

या राज्याच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 10,000 तळी असं लिहिलेलं असतं, खरी मोजली तर दहा एकराच्या वरची 11,842 आहेत, म्हणजे ही माणसं बढाईसुद्धा कमी करून मारतात. आणि मी मारली होती वाढवून, इथे माझी गोची झाली. तर त्यातल्या एका तळ्यावर आम्ही पोचलो आणि तात्यांनी गाडी थांबवलीच नाही, सरळ पाण्यावर घातली. पाण्यावर म्हणजे बर्फावर, पण माझ्यासाठी ते पाणीच. चालायला चार इंच बर्फ पुरतो म्हणे, इथे चौदा आहे, काळजी नको. मी विचारलं, म्हणजे सेफ ना, तर म्हणाले, बर्फ शंभर टक्के सेफ कधीच नसतो. हे गाडी तळ्याच्या मधोमध आल्यावर सांगितलं.

बाहेर -23. मोठ्या ड्रिलने आठ इंचाचं भोक पाडलं, वर आलेला बर्फाचा चुरा काढायला त्यांनी जे बाहेर काढलं तो चक्क आपला भजी तळायचा झारा, फक्त दांडा लांब. दिवसभरात मला नीट वापरता आलेली ती एकमेव वस्तू. बसायला उलटी बादली. गळाची काठी हातभर, बाळाच्या खेळण्यासारखी, आणि शेजारी एक गोल मशीन, ज्यात खाली मासा आला की रंगीत रेघ दिसते. चोवीस फूट खोल पाणी, मासे तळापासून आठ फूट वर तरंगतायत. क्रॉपी वर बघून खातो म्हणून गळ त्याच्या डोक्याच्या थोडा वर ठेवायचा. आणि तळ्याच्या तळाशी पाणी 4 डिग्री असतं, सगळ्यात जड पाणी तेच म्हणून ते खाली बसतं आणि बर्फ वर राहतो. म्हणजे मासा 4 मध्ये आणि मी उणे 23 मध्ये. कोणी कोणाला पकडायला हवं होतं तुम्हीच सांगा.

मग तात्यांनी एक डबी दिली, आतल्या खिशात ठेव, गोठता कामा नये. उघडून बघितलं तर आत पांढऱ्या जाडसर अळ्या. हुबेहूब कुरमुरे, फक्त हलणारे. आणि बायकोने दुसऱ्या खिशात तशाच डबीत चिवडा दिलेला. साडेचारनंतर अंधारून आलं (क्रॉपी संध्याकाळीच तोंड उघडतो, ही आमच्यात एक समान गोष्ट) आणि मला भूक लागली. पुढचा अर्धा तास मी प्रत्येक घासाआधी मोबाईलचा टॉर्च मारून हलतंय का ते बघून खात होतो. बायकोने त्यात शेंगदाणे कमी घातले होते हे तेव्हा फार जाणवलं, शेंगदाण्याला ओळखता तरी येतं.

तेवढ्यात तळ्याच्या पोटातून कोणीतरी लोखंडी दार ओढल्यासारखा लांबलचक आवाज आला. मी रामरक्षा सुरू केली. तात्या शांतपणे म्हणाले, छान, बर्फ वाढतोय.

आणि काठी वाकली! मी कोकणी रक्ताला स्मरून जो हिसका दिला की विचारू नका, गळ वर आला, त्याला माशाच्या ओठाचा पापुद्रा. क्रॉपीचं तोंड पापडासारखं पातळ असतं, हळू उचलायचं असतं. हे तात्यांनी आधी सांगितलं होतं म्हणे, पण माझ्या कानांवर तीन टोप्या होत्या. दुसराही तसाच गेला. तिसरा मात्र असा अलगद काढला, जसं तापलेल्या तव्यावरून पहिलं घावन, आणि आला बाहेर, एक वीतभर, बर्फावर दोन उड्या मारल्या आणि कडक. तात्यांचे तोवर नऊ झाले होते. एका माणसाला दहाचीच परवानगी आहे, म्हणून त्यांनी दहावा "तुझ्यासाठी" ठेवला होता असं म्हणाले. मी काही बोललो नाही.

घरी येऊन त्यांनी चाकूने दोन मिनिटांत डोकं, काटे, कातडं सगळं काढून दोन पांढऱ्या वड्या माझ्या हातात दिल्या. कोकमाचं आगळ, तिखट, हळद लावून रव्यात घोळवून तळल्या, खरं सांगतो, गोड्या पाण्याचा असूनही छान लागला. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं.

"डोकं कुठाय?"

"काढलं."

"काटे?"

"काढले."

"मग हा मासा आहे की पनीर? आणि कितीला पडला?"

लायसन्स, बूट, जॅकेट, हातमोजे यांचा हिशोब मनात केला आणि म्हणालो, आई, आवाज तुटतोय.

येत्या शनिवारी परत जायचंय. उरलेल्या अळ्या तात्यांनी फ्रिजमध्ये ठेवायला सांगितल्यात, थंडीत टिकतात. डबीवर बायकोने जाड मार्करने लिहून ठेवलंय: चिवडा नाही.