हत्याराच्या मापाचा पाव

घरी पाव भाजणाऱ्या माणसाचं कौतुक सुरी लागेपर्यंतच टिकतं. तोवर सगळे ओव्हनभोवती घुटमळतात, वास घेतात, वरचं कवच कसं छान तडकलंय ते एकमेकांना दाखवतात, फोटो काढतात. पहिला काप पडला की तेच लोक तो उजेडाकडे धरून तपासायला लागतात. वर बोटभर आणि खाली दोन बोटं, नाहीतर वर बोटभर आणि खाली आरपार दिसणारा. दार मिटू नये म्हणून खाली सरकवतात तसली पाचर. पीठ फुगायला अख्खी रात्र लागते, अब्रू जायला तेवढा वेळ लागत नाही.

आमच्या घरात या पाचरीचे दोन प्रकार आहेत. मी कापलं की काप खाली जाड होतो, नवऱ्याने कापलं की खाली पातळ. हा आम्ही स्वभावातला फरक मानत आलो होतो. सासूबाई तर ‘तिचा हात सढळ आहे’ असं म्हणून माझी बाजूही घ्यायच्या. कारण निघालं सुरीत. दात्यांच्या बहुतेक सुऱ्यांना धार एकाच अंगाने लावलेली असते, दुसरं अंग सपाट. अशी सुरी खाली जाता जाता सपाट अंगाकडे सरकत राहते. मी उजव्या हाताने, पावाच्या उजव्या टोकापासून कापते. सुरी डावीकडे, म्हणजे उरलेल्या पावात घुसते आणि काप जाडावतो. नवरा डावखुरा. तो डाव्या टोकापासून कापतो, सुरी तशीच डावीकडे जाते, म्हणजे आता त्याच्या कापाच्याच पोटात. दोघांनी दोन टोकांनी कापत आणलं की मधे उरलेला पाव दोन्हीकडून एकाच दिशेला कललेला असतो. भूमितीत अशा आकृतीला समांतरभुज चौकोन म्हणून मान आहे. आमचा टोस्टर भूमिती शिकलेला नाही. माझे काप त्यात शिरत नाहीत आणि नवऱ्याचे शिरतात ते खालून कोळसा होऊन बाहेर येतात.

तेव्हा पाव सरळ कापणारं हत्यार घ्यायचं ठरलं. असं काही घरात ठरलं की ज्यांनी जन्मात कधी सुरीला हात लावलेला नाही, त्यांचीही मतं अतिशय ठाम असल्याचं दिसून येतं.

“वहिनी, तू सरळ पेटी घे,” नणंद म्हणाली. पेटी म्हणजे लाकडाची किंवा प्लॅस्टिकची चौकट, समोरासमोरच्या भिंतींना उभ्या खाचा. पाव आत ठेवायचा, सुरी खाचेत घालायची आणि खाली न्यायची. ऐकायला इतकं सोपं की आपण आजवर आयुष्य कसं काढलं असं वाटावं. अट एकच, पाव पेटीत मावला पाहिजे. माझा पाव साच्यात गुण्यागोविंदाने बसतो, पण भाजताना त्याचं डोकं साच्याच्या काठाबाहेर पसरतं आणि ते पेटीच्या भिंतींवर अडकून बसतं. हातावर घडवलेला गोल पाव तर पेटीकडे बघतसुद्धा नाही. मी हे सांगितलं तर नणंद म्हणाली, “मग अरुंद पाव भाज ना.”

हे वाक्य मला पुढे बरेचदा ऐकावं लागणार होतं.

बरं, अरुंद पाव भाजला तर? तो पेटीत इकडून तिकडे सरकतो. आणि खाच सुरीच्या पात्यापेक्षा जराशी रुंद ठेवावीच लागते, नाहीतर पातं अडकतं. तेवढ्या सवलतीत सुरी आरामात कलते. लाकडी पेटी असेल तर दाते रोज खाचेच्या कडा घासतात, सवलत वाढत जाते, आणि काही काळाने पाचर पडते ती पेटीतून, शिस्तीत. पेटीबद्दल माझं खरं मत विचाराल तर, एकसारख्या साच्यात एकसारखा पाव भाजणाऱ्या नेटक्या माणसांसाठी ती उत्तम आहे. त्यांचे काप बहुधा पेटीशिवायही सरळच पडत असतील.

दिराने धनुष्याची शिफारस केली. लाकडाच्या कमानीत दात्यांचं अरुंद पातं ताणून बसवलेलं असतं. कापताना कमान पावाच्या बाहेरून उतरते, आणि कमान व पातं यांच्यात जेवढं अंतर तेवढी कापाची जाडी. कल्पना खरोखर सुंदर आहे. पण कमान पात्याच्या एका बाजूला असल्यामुळे हे धनुष्य उजव्या हाताचं वेगळं आणि डाव्या हाताचं वेगळं घ्यावं लागतं. म्हणजे आमच्याकडे दोन. शिवाय जाडी सुताराने ठरवून टाकलेली. आज जरा पातळ हवा, असं म्हणायची सोय नाही.

विजेच्या सुरीचा विषय लवकर मिटला. तिच्यात दोन पाती एकमेकांना चिकटून उलटसुलट धावतात, त्यामुळे दाबावं लागत नाही आणि मऊ पाव चेपत नाही. हा तिचा मोठा गुण. म्हणूनच लोक तिने गादीचा फोमही कापतात. पण ती सरळ जाते की नाही हे शेवटी हातावरच आहे. विजेने माझी पाचर फक्त लवकर पडली असती, आणि आवाजाने सगळं घर ती बघायला आलं असतं.

राहिलं यंत्र. गोल फिरणारं पातं, जाडी ठरवायची चकती, पाव पुढे ढकलायची सरकती पाटी. यावर नवऱ्याचा जीव जडला. तो रात्री जागून यंत्रं बघायचा आणि सकाळी मला इतिहास सांगायचा. “अगं, ओट्टो रोह्वेडर जवाहिऱ्या होता. जवाहिऱ्या! दागिन्यांची दुकानं विकून तो ब्रेड कापायच्या यंत्रामागे लागला.” गोष्ट खरी आहे. अमेरिकेतल्या आयोवाच्या या माणसाचा नमुना आणि सगळी रेखाटनं 1917 साली कारखान्याच्या आगीत जळाली, तरी त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. 7 जुलै 1928 रोजी मिसूरी राज्यातल्या चिलिकोथी गावच्या एका बेकरीने त्याच्या यंत्रावर कापलेला ब्रेड प्रथम विकायला काढला.

मला त्या गोष्टीतला दुसराच भाग आवडतो. यंत्र काप करायचं, पण कापलेला ब्रेड लवकर वाळतो हे बेकरीवाल्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते त्याला दारात उभं करत नसत. मग त्याने सगळे काप टोपीला लावायच्या लांब टाचण्यांनी एकत्र धरून ठेवायची युक्ती करून पाहिली. ती फसली. शेवटी कापल्या कापल्या ब्रेड कागदात गुंडाळणारं यंत्र केलं, तेव्हा कुठे गाडी पुढे गेली. सरळ काप काढणं हा त्रासाचा अर्धाच भाग आहे, हे जवाहिऱ्यालाही उशिरा कळलं.

“आणि 1943 मध्ये तिकडच्या सरकारने कापलेल्या ब्रेडवर बंदी घातली होती,” मी म्हटलं. कारण वाचन मीही करते. युद्धाचे दिवस होते. कापलेल्या ब्रेडला जाड मेणकागद लागतो, तो वाचवायचा होता. 18 जानेवारीला बंदी आली आणि 8 मार्चला उठलीसुद्धा. जगाशी युद्ध चालू असताना ज्या सरकारचं धैर्य खचलं नाही, ते घराघरांतल्या पाचरींपुढे दोन महिनेही टिकलं नाही.

“म्हणजे यंत्र घ्यायचं!” नवरा म्हणाला.

यंत्र घ्यायला माझी तत्त्वतः हरकत नव्हती. पण ते ठेवायचं कुठे? ओट्यावर ठेवलं तर पीठ मळायला जागा उरत नाही, म्हणजे पाव कापायची चोख सोय आणि कापायला पाव नाही. पात्यासमोर मावेल एवढ्याच उंचीचा पाव चालतो, मोठा गोल पाव आधी मधोमध कापून घ्यावा लागतो. तो कशाने कापायचा? सुरीने. बोटं वाचवायला एक पकड असते, तिच्यामुळे पावाचा शेवटचा तुकडा पात्यापर्यंत पोहोचत नाही. तोही सुरीने. शिवाय चुरा यंत्राच्या अशा फटींत जातो की तो काढायला यंत्र उघडावं लागतं. ही सगळी हरकत ऐकून नवरा शांतपणे म्हणाला, “तू जरा बसका, लहान पाव भाजत जा.”

इथे माझा संयम सुटला. पेटीसाठी अरुंद, यंत्रासाठी बसका. उद्या कुणी पाव कापायची तार घेऊन येईल आणि म्हणेल, पाव जरा मऊ भाज. पावाने हत्याराचं माप घ्यायचं असेल तर बाजारातला चौकोनी ब्रेड काय वाईट? तो तर जन्मतःच सरळ असतो.

सासरे इतके दिवस गप्प होते. ते एवढंच म्हणाले, “सूनबाई, पाव आधी निवू तरी द्या.” ओव्हनमधून निघालेल्या पावात पिठाचा स्टार्च अजून सावरलेला नसतो, आतला भाग ओलसर आणि चिकट असतो. तेव्हा सुरी घातली तर तो कापला जात नाही, पात्याला चिकटून ओढला जातो. निदान तास-दोन तास जाळीवर ठेवायला हवा. जाड गोल पावाला आणखी. हे मला माहीत होतं. घरात चार माणसं हातात लोणी घेऊन उभी असताना माहीत असलेल्या गोष्टीचा काय उपयोग, हा प्रश्न वेगळा.

शेवटी घेतली ती सुरीच. लांब, पंचवीस सेंटिमीटर पात्याची, पावाच्या रुंदीपेक्षा बरीच जास्त, म्हणजे छोटे छोटे हिसके न देता लांब ओढता येते. मूठ पात्यापेक्षा वर उचललेली, त्यामुळे बोटांची हाडं पाटावर आपटत नाहीत. आणि मुख्य म्हणजे धार दोन्ही अंगांनी लावलेली. ती माझ्याही बाजूची नाही आणि त्याच्याही नाही. दाबायचं नाही, नुसतं ओढायचं, दाते आपलं काम करतात. पाव कुशीवर आडवा ठेवला की वरचं कवच चेपत नाही. आधी हलकी खूण पाडायची आणि मग हाताजवळ न बघता पलीकडच्या कडेकडे बघत उतरायचं. यात जादू काहीच नाही, आणि म्हणूनच नवऱ्याला ती अजून पटलेली नाही.

पण काप सरळ पडतात. पाव पूर्ण निवला की मी तो सबंध कापून फ्रीझरमध्ये टाकते. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात नाही, तिथल्या थंडीत पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. गोठलेला काप थेट टोस्टरमध्ये जातो, आणि आता बाहेरही येतो. नवऱ्याने पट्टी लावून पाहिली. वर बारा मिलिमीटर, खाली बारा मिलिमीटर. तो थोडा हिरमुसलाच.

तक्रार आली ती सासऱ्यांकडून. दोन दिवस त्यांनी ताटलीतला काप उलटसुलट करून पाहिला आणि मग विचारलं, “ते जाड बुडाचे काप बंद केलेत का? धरायला बरे पडायचे. वर लोणी, खाली मूठ.”

सासऱ्यांना नाही कसं म्हणणार? मी नवी सुरी घेतली आणि मुद्दाम तिरकं कापायला गेले, तर ती काही केल्या सरळच उतरते. तिरका काप एकसारखा पाडून देणारं एखादं यंत्र मिळतं का, ते नवरा आता रात्री जागून शोधतोय. त्याचा चेहरा खूप दिवसांनी खुललाय.