खुलासा : समुद्रातलं युरेनियम आणि 'फुकट वीज'

'एरोजेलच्या धाग्यांनी समुद्रातून युरेनियम निघू लागलं, आता वीज फुकट' हा मेसेज परवा मीच ग्रुपवर टाकला होता. तो चुकीचा आहे. न तपासता पाठवला, चूक माझी.

एरोजेल म्हणजे अतिशय हलका, सच्छिद्र पदार्थ. त्याचे असे धागे प्रयोगशाळेत बनतात, हे खरं. पण समुद्राच्या एक टन पाण्यात युरेनियम जेमतेम ३.३ मिलिग्रॅम! किलोभरासाठी सुमारे ३ लाख टन पाणी लागेल, तेही सगळं हाती लागलं तर. शिवाय व्हॅनेडियम (समुद्राच्या पाण्यातलाच दुसरा धातू) धाग्यावरची जागा अडवतं, शेवाळ चढतं ते वेगळंच. जपानने आपल्या मुत्सु शहराजवळ ३५० किलो युरेनियम-शोषक कापड (एरोजेल नव्हे) एकूण २४० दिवस समुद्रात बुडवलं, तेव्हा कुठे किलोभर यलोकेक (युरेनियमची कच्ची भुकटी) मिळाला.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याखाली हा खुलासा टाका.