‘शहरातून नर्स पाठवा, प्रश्न मिटेल’: ॲबोरिजिनल आरोग्यसेवकांबद्दलच्या एका दाव्याला उत्तर

ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल (म्हणजे तिथल्या मूळनिवासी) लोकांच्या आरोग्यसेवेबद्दल एक मत सतत पुढे रेटलं जातं. त्याचा मथितार्थ असा: ‘चार महिन्यांचा कोर्स केलेल्या स्थानिक लोकांवर सरकार पैसा उधळतंय. ते म्हणजे आपल्या आशाताईच. त्यापेक्षा शहरातून चांगले डॉक्टर-नर्स पाठवा, दाम दुप्पट द्या. कुणीही चालेल, काम येण्याशी मतलब. स्थानिक माणसं तशीही नोकरीत टिकत नाहीत.’ हा विषय आपल्याला फार लांबचा नाही. भारतात शिकून तिकडे गेलेल्या बहुतेक डॉक्टरांना मेडिकेअरच्या (तिथल्या सरकारी आरोग्यविम्याच्या) नियमामुळे साधारण दहा वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागातच प्रॅक्टिस करावी लागते, आणि त्यांत मराठी डॉक्टरही आहेत. म्हणून या दाव्याचा एकेक तुकडा तपासू.

‘चार महिन्यांचा कोर्स.’ इथे दोन वेगळ्या पदांची गल्लत आहे. ‘हेल्थ वर्कर’ सर्टिफिकेट दोन किंवा तीनवर (या तिथल्या व्यावसायिक प्रशिक्षणाच्या पायऱ्या) काम करू शकतो, त्याची राष्ट्रीय नोंदणी होत नाही. ‘हेल्थ प्रॅक्टिशनर’ला मात्र सर्टिफिकेट चार लागतं, त्यात दवाखान्यातलं देखरेखीखालचं काम असतं. १ जुलै २०१२ पासून या पदाची देशपातळीवर नोंदणी होते, डॉक्टर-नर्सची नोंदणी सांभाळणाऱ्या ‘आप्रा’ या राष्ट्रीय संस्थेकडेच. हे नाव कायद्याने राखीव आहे, ते दुसरं कुणी लावू शकत नाही. उमेदवार स्वतः ॲबोरिजिनल किंवा टोरेस स्ट्रेट आयलंडर (उत्तरेकडच्या बेटांवरचा मूळनिवासी) असावा लागतो. आशाताईंशी तुलना इथेच कोसळते. आशांना मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो (आणि तो तुटपुंजा आहे हे खरंच), तर या लोकांना श्रेणीनुसार पगार आहे आणि व्यावसायिक जबाबदारीही.

‘शहरातून नर्स पाठवा.’ पाठवतातच. प्रश्न त्या किती दिवस राहतात हा आहे. नॉर्दर्न टेरिटरी या उत्तरेकडच्या विरळ वस्तीच्या प्रांतातल्या दुर्गम दवाखान्यांचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. नर्स आणि प्रॅक्टिशनर मिळून पाहिलं, तर निम्मे लोक रुजू झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो दवाखाना सोडत होते, आणि वर्षानंतर तिथेच असणारे जेमतेम पाचात एक.

याचा फटका कुठे बसतो ते संधिवाती हृदयरोगात लख्ख दिसतं. घशाच्या जंतुसंसर्गातून लहान मुलांना संधिवाती ताप येतो आणि तो पुन्हा पुन्हा आला की हृदयाच्या झडपा खराब होतात. त्यावर उपाय बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन: २० किलोंच्या वरच्या मुलाला १२ लाख युनिट, दर २८ दिवसांनी, म्हणजे वर्षाला १३, आणि तेही वर्षानुवर्षं. अठ्ठाविसावा दिवस उलटला की पुढचा प्रत्येक दिवस धोक्याचा. औषध दाट असतं. फ्रिजमधून काढून थेट टोचलं तर फार दुखतं, बारीक सुई मध्येच तुंबते. सिरिंज तळहातात घोळवून कोमट करायची, जागेवर आधी अंगठ्याने दाब द्यायचा, मग दोन-तीन मिनिटं घेत सावकाश सोडायचं. एकदा घाईत टोचलेलं मूल पुढच्या वेळी दवाखान्याची गाडी दिसताच पळतं. आणि ते मूल या आठवड्यात आजीकडे आहे की मावशीच्या वस्तीवर, हे महिन्याभरासाठी आलेल्या नर्सला कळणार कसं? तिच्या हातात नावांची यादी असते. मूल शोधून आणणारं माणूस गावातलंच असतं.

‘कुणीही चालेल, काम येण्याशी मतलब.’ नाही चालत. स्त्रियांच्या तपासण्या पुरुषाने करणं अनेक समाजांत मान्य नाही. सासू-जावयासारख्या काही नात्यांत समोरासमोर येणंही टाळतात. म्हणून एकच प्रॅक्टिशनर नेमून दवाखाना चालत नाही. निदान एक स्त्री आणि एक पुरुष, तेही शक्यतो वेगवेगळ्या घराण्यांतले, हवेत. ‘आम्ही नेमला होता, कुणी त्याच्याकडे जाईना’ अशी तक्रार येते तेव्हा बरेचदा हा हिशेब राहून गेलेला असतो.

‘स्थानिक माणसं टिकत नाहीत.’ काही सोडतात, हे खरं. पण का, हे विचारायला हवं. प्रॅक्टिशनरला गाडी चालवायला आणि दुभाष्या म्हणून बसवलं की शिकलेलं हात विसरतात. औषधं जवळ ठेवण्याची आणि देण्याची परवानगी राज्याराज्यांत वेगळी आहे. ती वेळेत काढून दिली नाही तर प्रशिक्षित माणूस पॅरासिटामॉलसाठीही नर्सची वाट बघत बसतो. बाहेरून आलेल्या नर्सला क्वार्टर मिळतं, आणि स्थानिक कर्मचारी ‘तुझं घर आहेच की’ म्हणून भरलेल्या घरात झोपून सकाळी ड्यूटीवर येतो. गावात मृत्यू झाला की दुखवट्याला जावंच लागतं. बदली माणूस ठेवलेला नसेल तर त्याची गैरहजेरी बेजबाबदारपणात मोजली जाते. यातला एकही दोष त्या माणसाचा नाही, आणि प्रत्येकावर इलाज आहे: प्रशिक्षणार्थी दोन-दोनच्या जोडीने घ्यायचे, शिकवणाऱ्या नर्सच्या वेळापत्रकात त्यासाठी ठरावीक तास मोकळे ठेवायचे, वर्गासाठी शहरात जाणाऱ्याच्या मुलांची सोय बघायची, परवानगीचे कागद कोर्स संपण्याआधीच हलवायचे.

राहिला ‘उधळपट्टी’चा मुद्दा. मेडिकेअरच्या यादीत ७१५ क्रमांकावर असलेल्या, ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर रुग्णांसाठीच्या वार्षिक तपासणीनंतर प्रॅक्टिशनर किंवा नर्सने केलेल्या पाठपुराव्याचं बिल १०९८७ क्रमांकाखाली लावता येतं, वर्षाला एका रुग्णामागे दहापर्यंत. हे बिल न लावणारे दवाखाने स्वतःच्या कमाईवर पाणी सोडतात आणि मग प्रॅक्टिशनरचा पगार निव्वळ खर्च वाटू लागतो. आणि स्थानिकांच्या हाती दवाखाना देणं हा काही नवा प्रयोग नाही: सिडनीच्या रेडफर्न भागात १९७१ साली ॲबोरिजिनल लोकांनी स्वतःचा दवाखाना उघडला. आज त्याच धर्तीवर, लोकांनी निवडलेल्या मंडळाने चालवलेल्या १४० हून अधिक संस्था देशभर आहेत. सरकारच्याच आराखड्यात २०३१ पर्यंत आरोग्य क्षेत्रातल्या नोकऱ्यांत ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर लोकांचा वाटा ३.४३ टक्के करायचं ठरलं आहे. २०१६ च्या जनगणनेत तो १.८ टक्के होता. शहरातून नर्स जरूर पाठवा, त्यांची गरज आहेच. पण त्यांच्या करारात स्थानिक प्रशिक्षणार्थीला शिकवण्याचे तास लिहून द्या.