टायमिंग बेल्ट, शोरूम आणि आपली कच्ची चिठ्ठी

गाडी शोरूमला टाकायची की बाहेर दाखवायची हा वाद आपल्याकडे कुठंही सुरू होतो, लग्नात, ऑफिसात, फुटाळ्यावर भुट्टा खाता खाता पण. मी त्यात सहसा पडत नाही. ऑइल कुठूनही बदला, ब्रेक पॅड कुठूनही टाका, फार तर हजार-दोन हजाराचा फरक. पण टायमिंग बेल्टचा विषय निघाला की मला बोलावंच लागते, कारण हा पार्ट तुटायच्या आधी बहुतेक वेळा काही सांगत नाही आणि तुटला की एकटा जात नाही, इंजिन घेऊन जातो.

मत आधीच सांगून टाकतो, ज्याला भांडायचं असेल त्याला शेवटपर्यंत वाचायची गरज नको. वॉरंटी संपलेल्या गाडीचा टायमिंग बेल्ट चांगल्या बाहेरच्या मेकॅनिकनं टाकलेला मला जास्त चालते, पण पक्क्या बिलाशिवाय अजिबात नाही. आणि पक्कं बिल म्हटलं की आपले अर्धे लोक "जीएसटी कायले भरायचा बे" म्हणून मागं फिरतात. सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

ज्यांना बेल्ट म्हणजे नेमकं काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खाली क्रँक फिरतो, म्हणजे पिस्टन वर-खाली होऊन ज्याला फिरवतात तो दांडा, वर कॅम फिरतो, म्हणजे व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) उघडणारा दांडा, क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, आणि हा हिशोब सांभाळतो तो दातेवाला रबरी बेल्ट, ज्याच्या आत काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या असतात. बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत येऊन जातात, फक्त वेगवेगळ्या वेळेला. बेल्ट तुटला की कॅम जागेवर थांबतो, उघडे राहिलेले व्हॉल्व्ह तसेच खाली लटकलेले, आणि पिस्टन तर गतीत असतोच, तो येऊन धडकतो. डिझेलमधे तर जागाच इतकी कमी असते की धडक जवळपास ठरलेली. व्हॉल्व्ह वाकतात, त्यांना दाबणारे रॉकर तुटतात, नशीब खराब असेल तर पिस्टनलाही मार बसतो. म्हणून चालती गाडी एकदम बंद पडली आणि स्टार्टर मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं हलकं फिरून राहिलं असं वाटलं तर दुसऱ्यांदा चाबी फिरवू नका, धक्का तर मारूच नका. टो करा.

सगळ्याच गाड्यांना बेल्ट नसतो, काहींत त्याच कामाला धातूची चेन असते, हेही खरं. मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं, जुन्या स्विफ्टचं १.३ डिझेल, हे सगळे चेनवाले. बेल्टवाल्यांत जुनी मारुती ८००, सँट्रो, इंडिका डिझेल, मग डस्टरचं १.५ डिझेल, पोलो-व्हेंटो-रॅपिडची डिझेलं, इकोस्पोर्ट डिझेल, आणि आजच्या काळातलं हॅरियर, कंपास, हेक्टर यांच्यात बसणारं २ लिटरचं डिझेल. म्हणजे गाडी महाग आहे म्हणून चेनच असेल असं काही नाही.

आता नागपूरची गोष्ट. आपल्या शहरात किलोमीटर होतच नाहीत. मनीष नगरहून सिव्हिल लाइन्सला ऑफिस, संध्याकाळी धरमपेठ, रविवारी कोराडी, वर्षाचे सहा-सात हजार झाले तरी पुष्कळ. आणि मॅन्युअलमधे बेल्टचं लिहिलेलं असते ते "इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, जे आधी होईल ते". आपण किलोमीटरचा आकडा वाचतो आणि खुश होतो, की अजून लय टाइम आहे. वर्षं मात्र मुकाट्यानं पूर्ण होऊन जातात. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतेच. त्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर, एसी लावून सिग्नलला उभी गाडी, इंजिन फिरून राहिलं आणि मीटर जागेवर. गरमी-धुळीच्या वापराला कितीतरी मॅन्युअलांत वेगळा, लवकरचा हिशोब दिलेला असतो. ते पान कोणी उघडत नाही, शोरूमवाला पण नाही.

शोरूमवाला पण नाही हे मी हवेत बोलून नाही राहिलो. आमच्या भाऊजींची डिझेल गाडी, आठ वर्षं झालेली, साठ हजाराच्या आत चाललेली, एक सर्व्हिस सोडली तर बाकी सगळ्या कंपनीच्याच वर्कशॉपमधे. समृद्धीनं जालन्याला चालले होते, कारंजा लाड गेल्यावर गाडी गप. त्यांनी स्टार्टर मारून पाहिला, कोणीही मारेल. टो करून नागपूरला आणली. वर्कशॉप कोणतं आणि गाडी कोणती ते सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका दुकानाचा नाही. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, "सर, बेल्टचे किलोमीटर झालेच नव्हते." भाऊजींनी मॅन्युअलमधली वर्षांची ओळ दाखवली. मग तो म्हणाला, "पण सर तुम्ही एक सर्व्हिस बाहेर केली आहे ना." त्या बाहेरच्या सर्व्हिसमधे ऑइल आणि फिल्टर, बास. त्याचा बेल्टशी काय संबंध?

मी जुने जॉब कार्ड, म्हणजे दर सर्व्हिसला काय काम झालं त्याचे वर्कशॉपचे कागद, सगळे काढून घ्या म्हटलं. प्रत्येक चेकशीटवर एक ओळ, "बेल्ट – चेक्ड, ओके", पुढे टिकमार्क. वाचून कोणालाही वाटेल टायमिंग बेल्टच पाहिला आहे. पण तो टायमिंग बेल्ट नाहीच. ती टिक बाहेरच्या बेल्टची, अल्टरनेटर-एसीवाल्या, ज्याला आपण सरसकट फॅन बेल्ट म्हणतो. टायमिंग बेल्ट कव्हरच्या आत असतो, कव्हर खोलल्याशिवाय दिसत नाही, आणि फ्री चेकअपमधे कव्हर खोलायला कोणाला वेळ आहे. भाऊजींना हे सगळं लेखी लिहून द्यायला लावलं, जॉब कार्डाच्या झेरॉक्स जोडून, डीलरला एक आणि कंपनीला एक. शेवटी लेबर अर्धं माफ करायला तयार झाले, पार्टचं काही नाही. एस्टिमेट दीड लाखाच्या वर, कारण त्यांना अख्खी हेड असेंब्लीच, म्हणजे व्हॉल्व्ह-कॅमसकट इंजिनचा वरचा भाग, बदलायची होती.

इथं बाहेरचा उस्ताद, म्हणजे अनुभवी मेकॅनिक, भारी पडतो. शोरूममधे असेंब्ली बदलतात, बाहेर दुरुस्त करतात. उस्तादनं हेड उतरवलं, मशीन शॉपला पाठवलं, क्रॅक आहे का त्याची प्रेशर टेस्ट झाली, सरफेस घासून घेतला, वाकलेले व्हॉल्व्ह आणि तुटलेले रॉकर बदलले, पिस्टन वाचले होते. अर्ध्याहून कमी पैशात गाडी सुरू झाली आणि आज मस्त चालून राहिली. शिवाय काम कोण करून राहिलं ते समोर दिसते. शोरूममधे आपण बोलतो ॲडव्हायझरशी, गाडीला हात लावतो दुसराच, आणि पुढच्या वर्षी ते दोघंही तिथं नसतात. उस्ताद तीच चार-पाच इंजिनं वर्षानुवर्षं खोलून बसलेला असतो.

पण बिल काय मिळालं? कॅलेंडरच्या मागच्या पानावर निळ्या पेननं, "हेड काम, बेल्ट, लेबर" आणि खाली एक टोटल. ना गाडीचा नंबर, ना तारीख, ना पार्टची कंपनी. मी म्हटलं उस्ताद, हे काय? तर "अरे भाऊ, अपना काम बोलता है." काम बोलते हो, पण उद्या टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) जाम झाला तर काम ग्राहक आयोगात जाऊन बोलणार नाही ना.

हे असं होते. आमच्या शेजारच्या काकांची गाडी, बाहेरच बेल्ट टाकला, पैसे वाचवायला फक्त बेल्ट. टेन्शनर, आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली), वॉटर पंप जुनेच. कितीतरी इंजिनांत वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, त्याचा बेअरिंग गेला किंवा कूलंट गळून बेल्टवर आलं की नवा बेल्टही जातो. काकांचा आयडलर जाम झाला आणि बेल्टचा भुगा. मेकॅनिक म्हणे, "काका, बेल्ट तुम्हीच ऑनलाइन मागवून आणला होता, मी फक्त बसवला." पार्ट विकणारा म्हणे फिटिंग चुकीची. काकांकडे एक यूपीआयचा मेसेज, त्यात काम काय केलं ते लिहिलेलंच नाही. म्हणून मी सांगतो की पार्ट आणि लेबर एकाच माणसाच्या बिलावर घ्या. पार्ट स्वतः आणून दोन-तीन हजार वाचतात, पण जबाबदारी मधल्या मधे हरवते.

शोरूमवाल्यांची "बाहेर केली म्हणजे वॉरंटी गेली" ही धमकी तर आता जुनी झाली. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून जवळपास २,५४५ कोटींचा दंड ठोकला होता, बाहेरच्या मेकॅनिकांना पार्ट आणि तपासणीची साधनं मिळू देत नाहीत म्हणून. त्याच आदेशात हेही होतं की फक्त बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावर सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामानं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतंच नाकारता येईल. पुढे अपिलं वगैरे झाली, पण आयोगाचा कल स्पष्ट आहे. मात्र बाहेर योग्य काम झालं हे दाखवायलाही परत तो कागदच लागतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधे सेवेतली त्रुटी उस्तादलाही लागू आहे आणि डीलरलाही, तक्रार नागपूरच्या जिल्हा आयोगात करता येते, आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करता येतो. पण कॅलेंडरचं पान घेऊन जाऊ नका बापा.

आणि इन्शुरन्सच्या भरवशावर राहू नका. बेल्ट तुटणं म्हणजे मेकॅनिकल ब्रेकडाऊन, साध्या पॉलिसीत ते बसत नाही. इंजिन प्रोटेक्ट नावाचं जास्तीचं कव्हर घेतलं म्हणून निवांत असणाऱ्यांनी पॉलिसी काढून वाचावी, ते बहुतेक पाणी शिरण्याच्या भानगडीसाठी असते.

मग शोरूमला जायचंच नाही का? गाडी वॉरंटीत आहे तर जा, काही पर्याय शोधू नका. रेकॉर्ड कंपनीच्या सिस्टममधे राहते, आणि मोठा खर्च निघाला तर कंपनी कधी कधी मेहेरबानी म्हणून वाटा उचलते, हक्क म्हणून नाही. गाडी विकताना पण फायदा होतो. पण तिथं जाऊन "टायमिंग बेल्ट वर्षांच्या हिशोबानं बदला" असं तोंडानं सांगा आणि जॉब कार्डवर लिहून घ्या. तुम्ही नाही म्हटलं तर ते तुम्हाला कोटिंग विकतील, इंजिन फ्लश विकतील, उंदराचा स्प्रे विकतील, बेल्टचं नाव काढतील याची गॅरंटी नाही.

बाहेर करायचं तर उस्तादला आधी विचारा, या इंजिनाचं लॉकिंग टूल आहे का? कॅम आणि क्रँक पिन घालून लॉक करून बेल्ट टाकायचा असतो. व्हाइटनरची खूण करून "अंदाजानं बसवतो" म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार, काही इंजिनांत क्रँकची पुली नुसत्या बोल्टच्या आवळण्यावर बसलेली असते, तिथं खुणेला काही अर्थच राहत नाही. बसवल्यावर हातानं क्रँकचे दोन पूर्ण फेरे फिरवून टायमिंग परत जुळते का ते तो पाहतो का, ते पाहा. किट पूर्ण घ्या. गेट्स, कॉन्टिनेंटल, डेको, आयना यांची किट बाजारात मिळतात आणि यांच्यातलेच कितीतरी लोक कार कंपन्यांनाही माल पुरवतात, फक्त वरचा डबा बदलतो आणि भाव बदलतो. डुप्लिकेटही भरपूर आहे, म्हणून डबा तुमच्यासमोर फोडायला लावा. बेल्ट दुमडून, रबरबँड लावून ठेवलेला असेल तर घेऊ नका, आतले धागे दुमडल्यानं तुटतात आणि वरून काही दिसत नाही. जुने पार्ट मागून घ्या. बिलावर गाडीचा नंबर, मीटर, तारीख, प्रत्येक पार्टचा नंबर. १८ टक्के जीएसटी लागेल, लागू द्या. भाऊजींना हे काम वेळेत करायला सगळं मिळून १५-१८ हजार लागले असते.

फोर्डवाल्यांचं वेगळंच आहे. कंपनीनं २०२१ मधे इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, शेवरोलेची विक्री तर २०१७ लाच थांबली, त्यामुळे त्या लोकांना बाहेरचा चांगला माणूस शोधल्याशिवाय भागणार नाही. त्यात इकोस्पोर्टच्या तीन सिलेंडर १.५ पेट्रोलचा बेल्ट ऑइलमधेच फिरतो. त्यात भलतंच ऑइल टाकलं की बेल्ट आतून सोलून निघतो आणि त्याचा कचरा ऑइल पंपाच्या जाळीत. अशा गाडीला ऑइल चेंजलाही कोणाकडेही देऊ नका.

भाऊजींच्या उस्तादला मी आता बिलबुक छापून दिलं आहे, जीएसटी नंबरसाठी सीएकडेही पाठवलं, तो अजून "करतो भाऊ" वरच आहे. तोपर्यंत हिंगणा रोड, वाडी किंवा कामठी रोडकडं लॉकिंग टूल असलेला आणि मागितल्याबरोबर पक्कं बिल देणारा कोणी माहीत असेल तर सांगा, शेजारचे काका दुसऱ्या गाडीचा बेल्ट टाकायचा म्हणून थांबून आहेत.